चार घरची चौकशी

आमच्या तळवलीला नवी मुंबईच्या इमारतींनी चहूकडून वेढले आहे, पण सोयरिकीची चौकशी अजून जुन्याच रीतीने होते. चार घरी विचारणा होऊन कुठेच जमले नाही, तर पाचव्या घरची माणसे मुलीकडे न पाहता त्या चार घरांकडेच पाहू लागतात. हा न्याय सत्तेचाळीस वर्षांच्या मराठीच्या प्राध्यापकालाही लागू पडतो, हे मला यंदा श्रावणात कळले.

मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज हवे होते, सहकर्जदार मी. बँकेतल्या साहेबांनी संगणकात डोकावून विचारले, "सर, एका आठवड्यात चार ठिकाणी कर्ज मागितलंत?" गुणांक वाईट नव्हता. ३०० ते ९०० च्या शिडीवर मी बऱ्यापैकी वर उभा होतो. पण खाली चार चौकशा, आणि चारही नावे माझ्या सात पिढ्यांना अनोळखी!

घरी आल्यावर फ्रीज आठवला. दुकानातला गोड बोलणारा पोरगा म्हणाला होता, "हप्ता बसतो का, नुसतं बघू." त्याने पॅन क्रमांक घेतला. मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला. तोही मी सांगितला. फ्रीज घेतला रोखीने. 'नुसतं' या अव्ययाची किंमत व्याकरणात कुठे दिलेली नाही.

आपला अहवाल आपणच पाहिला तर गुणांकाला धक्का लागत नाही. अर्जावरून कर्ज देणाऱ्याने पाहिला की नोंद उमटते. २००५ च्या कायद्याखाली सिबिलसारख्या चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तक्रारही फुकट. मात्र कंपनी आपण होऊन नोंद पुसत नाही. चौकशी करणाऱ्याला विचारते, त्याने चूक कबूल केली तरच पुसते. तीस दिवसांत निकाल न लागल्यास पुढे रोज शंभर रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. (शंभर रुपये मिळावेत म्हणून मी मनातल्या मनात उशिराची प्रार्थना करीत होतो, हे कबूल करतो.)

सव्विसाव्या दिवशी उत्तर आले. दोन नोंदी गेल्या. उरलेल्या दोघांनी कळवले, 'आपली संमती होती.' होतीच. ओटीपी मीच सांगितला होता.

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. मी चार पाने लिहून नेली. त्यांनी पहिल्या पानावरच्या तीन ओळी वाचल्या, बाकीची परत केली आणि म्हणाले, "एवढं पुरे, सर. फी कधी भरायची आहे?"