अर्ध्या लसीकरणाची किंमत

रुबेला अथवा जर्मन गोवर हा एरवी सौम्य आजार. मुलाला बेताचा ताप येतो, अंगावर पुरळ उठते आणि दोन-तीन दिवसांत मावळते. परंतु गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत हाच विषाणू स्त्रीला गाठतो, तेव्हा तो वारेतून गर्भापर्यंत पोचतो. मग गर्भपात होतो, किंवा जन्मणाऱ्या बालकाच्या वाट्याला मोतीबिंदू, बहिरेपण आणि हृदयविकार येतात. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली हा संबंध दाखवून दिला. १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० बालके अशी व्यंगे घेऊन जन्मली. १९६९ मध्ये तेथे लस आली.

लस आली म्हणजे प्रश्न सुटला असे मानणे मात्र भाबडेपणाचे आहे. ग्रीसमध्ये १९७५ च्या सुमारास लस मिळू लागली. पण ती सर्व बालकांपर्यंत नेण्याचे धोरण आखले गेले नाही. पुढील दशकात निम्म्याहून कमी मुलांना ती मिळाली. विषाणूचा फैलाव मंदावला, थांबला नाही. एरवी बालपणीच आजार होऊन कायमची प्रतिकारशक्ती मिळवणाऱ्या मुली तिच्यावाचून मोठ्या झाल्या आणि १९९३ च्या साथीने त्यांना ऐन मातृत्वाच्या वयात गाठले. अर्धवट लसीकरण हे निम्मे संरक्षण नव्हे. ते धोका वंचितांच्या गर्भाशयाकडे ढकलणे आहे.

आपल्याकडेही पैसे मोजणाऱ्यांना खाजगी दवाखान्यांत ही लस वर्षानुवर्षे मिळत होती. पुण्यात तयार झालेली लस परदेशी जात होती, श्रीलंकेने १९९६ मध्येच रुबेलाविरोधी लसीकरण सुरू केले होते. भारताची सार्वजनिक मोहीम मात्र २०१७ साली सुरू झाली, महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये पोचली. गोवर-रुबेला निर्मूलनासाठी ठरवलेले २०२३ हे वर्षही उद्दिष्ट न गाठता सरले.

बाजार ऐपत पाहतो, विषाणू पाहत नाही. म्हणून ही लस विक्रीची वस्तू न राहता प्रत्येक बालकाचा हक्क झाली पाहिजे. नवव्या ते बाराव्या आणि सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यांतील दोन्ही मात्रा ऊसतोडणी कामगारांच्या फडावर, वीटभट्टीवर आणि झोपडपट्टीत पोचतात की नाही, हे पाहण्याचे काम कार्यकर्त्यांनी आपले मानावे. गर्भारपणात ही लस देता येत नाही. त्यामुळे आज सुटलेली मुलगी ही उद्याच्या अपंग बालकाची आई ठरू शकते. त्या बालकाच्या अंधत्वाला मग दैव म्हणण्याचा अधिकार शासनाला उरणार नाही.