दौऱ्याचा कागद आणि सरहद्दीवरचा पोरगा



उसाच्या भरणीचा आणि खताच्या हप्त्यांचा विषय या आठवड्यात बाजूला ठेवतो. आजचा विषय शेताचा नाही, पण घरचाच आहे. आपल्या जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारखी गावे आहेत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून माणूस फौजेत गेला. हा अंक वाचणाऱ्या कित्येक घरांत एक भाऊ औताला आणि दुसरा सरहद्दीला असेल. म्हणून हे लिहितो.

आमच्या नोकरीत दौऱ्याचा कागद ही मोठी वस्तू. मंत्रीसाहेब पीक पाहणीला येणार असले की कागद आधीच येतो. 10 वाजून 10 मिनिटांनी आगमन, 10 वाजून 25 मिनिटांनी प्लॉट पाहणी, पुढे चहापान, मग 'राखीव'. हेलिकॉप्टर असेल तर मैदानावर पाणी मारायचे आणि चुन्याने खूण काढायची. कमानी उभ्या राहतात, गावात दवंडी होते. जितक्या लोकांना कळेल तितका दौरा यशस्वी.

लढाईच्या मुलखात मोठे साहेब जवानांना भेटायला जातात, तेव्हा याच्या बरोबर उलटे करावे लागते. तिथे दौऱ्याचा कागद शत्रूच्या हाती लागला तर तो मरणाचा कागद ठरतो. असे घडलेलेही आहे.

दुसऱ्या महायुद्धात जपानच्या आरमाराचे सेनापती यामामोतो पुढच्या तळांवरच्या आपल्या माणसांना भेटायला निघाले. कुठून निघणार, किती वाजता पोहोचणार, सोबत किती विमाने, हे सगळे सांकेतिक भाषेत बिनतारी संदेशाने कळवले गेले. अमेरिकनांनी तो संदेश उलगडला. यामामोतो वेळेचे पक्के होते. 18 एप्रिल 1943 रोजी अमेरिकेची लढाऊ विमाने शेकडो मैल उडून जवळजवळ ठरल्या मिनिटाला तिथे हजर झाली आणि त्यांचे विमान पाडले. वक्तशीरपणा हा गुण खरा, पण तिथे तोच घातक ठरला.

आता आपल्याकडचे पाहू. बळवंतराय मेहता हे नाव आम्हा विस्तार खात्यातल्या माणसांना घरच्यासारखे. 1957 साली त्यांच्या समितीने पंचायत राज्याचा आराखडा मांडला. त्याच वाटेने पुढे आपल्याकडे 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. ज्या पंचायत समितीत तुम्ही बियाण्यासाठी येता, तिचे मूळ तिथे आहे.

हेच मेहता 1965 च्या लढाईत गुजरातचे मुख्यमंत्री होते. 19 सप्टेंबरला ते सरकारच्या छोट्या विमानातून कच्छच्या सरहद्दीकडे पाहणीला निघाले. सोबत पत्नी सरोजबेन, काही सहकारी आणि एक पत्रकार होते. जहांगीर इंजिनिअर हे वैमानिक. विमानावर शस्त्र नव्हते, राखणीला लढाऊ विमान नव्हते. पाकिस्तानच्या सेबर विमानाने त्यांना गाठले. इंजिनिअर यांनी पंख हलवून खूण केली, पण जमिनीवरून हुकूम आला आणि गोळ्या सुटल्या. सुथरी गावाजवळ विमान कोसळले. आठही जण गेले. चारच दिवसांनी लढाई थांबली.

पुढे 2011 साली त्या सेबरच्या वैमानिकाने, कैस हुसेन यांनी, इंजिनिअर यांच्या मुलीला पत्र लिहून दुःख कळवले. तिने मोठ्या मनाने उत्तर दिले. माणुसकी मेली नव्हती हे खरे, पण गेलेली माणसे परत येत नाहीत.

आणखी एक घटना सांगतो. 22 नोव्हेंबर 1963. तेव्हा आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते. पूंछ भागात पाहणीला निघालेले एक हेलिकॉप्टर नदीवरून ओढलेल्या तारांना अडकून पडले. त्यात लेफ्टनंट जनरल दौलतसिंग, लेफ्टनंट जनरल बिक्रमसिंग, एअर व्हाइस मार्शल पिंटो, मेजर जनरल नानावटी आणि ब्रिगेडियर ओबेरॉय होते. चालवणारे फ्लाइट लेफ्टनंट सोधीही गेले. त्या आघाडीची वरपासून खालपर्यंतची साखळी एका क्षणात तुटली. शत्रूने एक गोळीही झाडली नव्हती. त्यानंतर इतक्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी एकाच विमानातून जायचे नाही, असा दंडक घालण्यात आला.

शेतकऱ्याला हे वेगळे समजावायला नको. सगळे बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही. एकीला सोंडा लागला तर दुसरीतले पेरणीला उरते.

अशा अनुभवांतून खबरदारीची रीत बसली. दौऱ्याची वेळ आणि जागा ज्यांना कळायलाच हवी तेवढ्यांनाच सांगायची. जायची वाट एक आणि यायची दुसरी. रस्ता आधी सुरुंगांसाठी तपासायचा. गाडीवरचा झेंडा आणि हुद्द्याच्या चांदण्या झाकायच्या. पुढच्या चौकीवर सलाम ठोकायचा नाही, कारण सलाम कुणाला होतो हे पलीकडचा नेमबाज दुर्बिणीतून पाहत असतो. जवानांना मोठ्या संख्येने एका जागी गोळा करायचे नाही. एक तोफगोळा पडला तर कितीतरी घरे उघडी पडतील. आणि मुक्काम थोडका ठेवायचा.

माझे थोरले चुलते 1971 च्या लढाईत होते. ते सांगायचे, "एक मोठे साहेब आमच्या खंदकात आले. आम्हाला अर्धा तास आधी कळले. सलाम नाही की रांग नाही. मातीवर बसले, आमच्याच मगातला चहा प्याले, घरची चौकशी केली आणि उठून गेले. पाव तास झाला असेल नसेल." तो पाव तास चुलत्यांना जन्मभर पुरला. आता तुम्ही म्हणाल, एवढा धोका असताना साहेबांनी जावेच कशाला? याचे उत्तर त्या पाव तासात आहे. बांधावर न येता कचेरीत बसून सल्ला देणारा अधिकारी तुम्हाला चालतो का?

आता माझी स्वतःची चूक सांगतो. माझा पुतण्या सरहद्दीवर आहे. मध्यंतरी फोनवर सहज बोलून गेला, "काका, परवा गडबड आहे, मोठे साहेब यायचेत." मला कोण अभिमान! दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर दहा-बारा जणांत मी हे सांगितले. कुणीतरी लगेच मोबाईल काढला, "गावाच्या ग्रुपवर टाकतो" म्हणाला. रात्री पुतण्याचा फोन आला. आवाज दबलेला. "काका, कुणाला बोलला नाहीत ना?" मी "नाही" म्हणालो. पन्नाशी उलटलेल्या माणसाने पोराशी खोटे बोलावे! त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटेच उठून त्या माणसाच्या दारात गेलो आणि मजकूर पुसायला लावला. पोरगा सुखरूप आहे. महिन्याने सुट्टीवर आला तेव्हा मी खरे सांगून टाकले. तो एवढेच म्हणाला, "काका, तिथे आम्ही वीस जण होतो."

म्हणून माउलींनो, बंधूंनो, एवढे पाळा. पोरगा कुठल्या चौकीवर आहे, कधी हलणार, कोण भेटीला येणार, हे त्याला फोनवर खोदून विचारू नका. बोलता बोलता त्याच्या तोंडून गेलेच तर ते आपल्या उंबऱ्याच्या आत ठेवा. त्याने पाठवलेला चौकीवरचा फोटो पुढे धाडू नका. फोटोतला डोंगर आणि मागची इमारतही जागा सांगते. जवानाच्या पत्त्यात गावाचे नाव नसते, नुसता आकडा असतो, तो उगाच नाही. आणि अनोळखी माणूस गोड बोलून फोनवर पोराची चौकशी करू लागला तर फोन ठेवा आणि पोलीस ठाण्यात कळवा.

त्याला विचारायचेच असेल तर जेवलास का विचारा, थंडी किती आहे विचारा. म्हैस व्याली ते सांगा, उसाला तोड आली ते सांगा. त्याला तेच ऐकायचे असते.

पुढच्या आठवड्यात पुन्हा उसाकडे वळू. तोपर्यंत राम राम.