नातवंडाचा ताबा : पेन्शनीचा हिशेब पुरे

आई-बाप दोघेही गेले की पोर बहुधा आजी-आजोबांच्याच घरी वाढते. पण तेवढ्याने ते कायद्याने त्याचे पालक ठरत नाहीत. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बापाचे नाव आहे, त्याच्यामागे आईचे. आजी-आजोबा त्यात कुठेच नाहीत. त्यांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली, मूल राहते तिथल्या कुटुंब न्यायालयात, ते नसेल तर जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. पालक होण्यास तयार असल्याचे लेखी निवेदन आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्याही लागतात.

खरी परीक्षा पुढे आहे. अहमदाबादेत २०२१ मध्ये कोविडने एका लहानग्याचे आई-वडील महिन्याभरात हिरावले. गुजरात उच्च न्यायालयाने ताबा दाहोदच्या मावशीला दिला. ती अविवाहित, केंद्र सरकारी नोकरीत, मोठ्या कुटुंबात राहणारी. आजोबा ७१ वर्षांचे, आजी ६३ वर्षांची, आणि दोघांचा गुजारा पेन्शनीवर. जणू मूल नव्हे, कर्ज मंजूर करायचे होते! जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. उत्पन्न, वय किंवा कुटुंबाचा आकार एवढ्यावरच ताबा ठरत नाही, असे बजावून मूल आजी-आजोबांकडे सोपवले.

बाप हयात असला तर वाट आणखी बिकट. आई किंवा बाप जिवंत असून अपात्र ठरत नाही, तोवर १८९० च्या कायद्याचे कलम १९ दुसरा पालक नेमू देत नाही. कोलकात्यातील एका प्रकरणात बापावर पत्नीच्या मृत्यूबद्दल खटला चालू होता, मुलाला त्याच्याकडे जायचे नव्हते. तरी खालच्या दोन्ही न्यायालयांनी ताबा बापालाच दिला. आईच्या आई-वडिलांना २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन नातू मिळवावा लागला.

म्हातारपणी मूल झेपेल का, ही शंका खोटी नाही. पण व्यक्तिगत कायद्याची आडकाठी नसेल तर कलम १५ संयुक्त पालक नेमू देते. आजीच्या जोडीला काका वा आत्या येऊ शकते. म्हणून वयाच्या सबबीवर अर्ज फेटाळू नयेत. कलम १२ खालचा तात्पुरता ताबा पहिल्याच तारखांना ठरवावा. आणि ज्यांनी मूल वर्षानुवर्षे वाढवले, त्या आजी-आजोबांचा दावा बाप हयात असतानाही गुणदोषांवर ऐकला जाईल, अशी दुरुस्ती कलम १९ मध्ये संसदेने करावी.