वाडा उभा आहे तोवरच ठरवा

पुण्याच्या कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतल्या वाडेमालकांना आणि भाडेकरूंना एक कळकळीची विनंती आहे. वाडा ठेवायचा की पाडायचा, हे तो उभा असतानाच एकत्र बसून ठरवा. अतिधोकादायक म्हणून महापालिकेची नोटीस दारावर लागली, वीज-पाणी तुटलं, की ठरवण्यासारखं फारसं काही हाती राहत नाही.

वाड्याला वयापेक्षा पाणी जास्त मारतं. पन्हळ फुटते, पाणी भिंतीत मुरतं, वरच्या मजल्याची पांढऱ्या मातीची भिंत फुगते आणि खाली तळखड्यावर टेकलेला सागवानी खांब बुडाशी कुजू लागतो. तिथे खिळा टोचून बघा. सहज आत गेला तर लगेच सुताराला बोलवा. भिंतीतलं पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच मुळासकट काढा. आणि चुन्यामातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. भिंत बाहेरून टणक दिसते, पण ओल आत कोंडते. चुन्याचं काम करणारे गवंडी आज कमी आहेत, तरी शोधले तर सापडतात.

कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी मालकाची. ती टाळली, तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूंना दुरुस्ती करता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापुरताच! जुन्या भाड्याच्या पाव हिश्श्यात एक तुळईही बदलत नाही. म्हणून कोर्टाची पायरी चढण्याआधी दोघांनी मिळून वर्गणीचा हिशेब मांडा. मालकांनो, वाडा आपोआप पडण्याची वाट पाहू नका. त्यात माणसं दगावतात.

प्रत्येक वाडा राखाच, असं मी म्हणणार नाही. सगळ्या बिऱ्हाडांत एक संडास आणि अंधारा जिना, अशा घरात म्हातारपण काढणाऱ्याला वारशाचं कौतुक ऐकवणं अन्यायाचं आहे. पण वाडा वारसा यादीत असेल, तर बिल्डरकडे जाण्याआधी महापालिकेत टीडीआरची चौकशी करा. टीडीआर म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क; तो विकून दुरुस्तीचा पैसा उभा राहू शकतो.

शनिवारवाड्याजवळच्या वाड्यांची अडचण वेगळीच. तो संरक्षित स्मारक असल्याने त्याच्याभोवती १०० मीटरांत नव्या बांधकामाला बंदी आहे. स्मारक साऱ्या देशाचं आणि झळ मात्र शेजारच्या घरांना, हे योग्य नाही. सरकारने या घरांच्या दुरुस्तीचा भार उचलायला हवा. तोवर दुरुस्तीच्या परवानगीसाठी तरी सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून अर्ज करावा.

पाडायचंच ठरलं, तर खोली सोडण्याआधी भाडेकरूंची यादी आणि प्रत्येक खोलीचं माप महापालिकेकडे नोंदवून घ्या. तोंडी शब्दावर किल्ली देऊ नका. नव्या इमारतीतही चौक मागा, कारण अरुंद गल्लीत उजेड आणि वारा तिथूनच येतो. रस्त्याकडची बाजू शेजारच्या घरांच्या उंचीची ठेवून वरचे मजले मागे सरकवता येतील का, हे आर्किटेक्टला विचारा. दिंडी दरवाजा आणि कोरीव खांब नव्या प्रवेशदारी बसवून घ्या. आड बुजवू देऊ नका, गच्चीवरचं पावसाचं पाणी त्यात सोडता येतं. आणि हे सगळं करारनाम्यातच लिहून घ्या. पाया खोदल्यावर कोणी ऐकत नाही.