बाटली आपली, टेबल त्यांचं

क्रूझवरून परत आलेल्या मराठी माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला मोठ्याने: "व्हेज जेवण मिळतं का हो?" दुसरा जरा बाजूला घेऊन, आवाज उतरवून: "आपली आपण नेता येते का रे?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मिळतं, आणि बरंच चांगलं मिळतं. दुसऱ्याला मात्र अख्खा लेख लागतो, म्हणून हा प्रपंच.

आधी नियम सांगतो. अमेरिकेतून सुटणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या बोटींवर 21 वर्षांवरच्या प्रत्येक प्रवाशाला 750 मिलीची वाइनची किंवा शँपेनची एक सीलबंद बाटली नेता येते. तीही फक्त पहिल्या दिवशी, चढताना, हातातल्या सामानातून. व्हिस्की, रम, बिअर बंद. बाटली केबिनमध्ये बसून संपवलीत तर बहुतेक ठिकाणी काही द्यावं लागत नाही. तीच घेऊन रात्री डायनिंग रूममध्ये गेलात की कॉर्केज, म्हणजे बूच उघडण्याचे पैसे पडतात. साधारण 15 ते 25 डॉलर, काही ठिकाणी जास्तही. वाटेतल्या बंदरात घेतलेली दारू चढताना काढून घेतात आणि प्रवास संपताना परत देतात. कोकचे डबे काही कंपन्या बारापर्यंत नेऊ देतात, काही एकही नेऊ देत नाहीत.

आता गणित. एका केबिनमध्ये दोघं, म्हणजे दोन बाटल्या, 1500 मिली. 150 मिलीचा एक ग्लास धरला तर दहा ग्लास. दोघांनी जेवताना रोज एकेक घेतला तर पाचव्या रात्री बाटल्या रिकाम्या, आणि सात रात्रींच्या सफरीत दोन रात्री कोरड्या. म्हणजे नियम असा बेतलाय की तुमची हौस भागावी, पण तहान त्यांच्याकडेच राहावी. इंजिनियर म्हणून मला या डिझाइनचं कौतुकच वाटलं.

"नुसतं बूच काढायचे पंधरा डॉलर? लूट आहे!" हे वाक्य मी आमच्या ह्यूस्टनच्या मित्रमंडळींत इतक्या वेळा ऐकलंय की मला आता उलटं बोलल्याशिवाय राहवत नाही. लूट नाहीये ती. समजा दुकानातून बारा डॉलरची वाइन नेली आणि पंधरा डॉलर कॉर्केज दिलं. झाले सत्तावीस. तशीच वाइन बोटीवर पंचेचाळीसला असेल तर वर 18 टक्के सर्व्हिस धरून त्रेपन्न होतात. निम्म्यात काम झालं. वर पांढऱ्या कापडाचं टेबल, धुतलेले ग्लास, वाढायला माणूस. उरलेली बाटली तो बूच लावून, केबिनचा नंबर टाकून ठेवतो आणि दुसऱ्या रात्री न मागता आणून देतो. या सगळ्याचं भाडं पंधरा डॉलर.

शिवाय तिकीट इतकं स्वस्त कसं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. सात दिवस राहणं, तीन वेळचं जेवण, रोज रात्री नाटक-गाणी, आणि हे सगळं किनाऱ्यावरच्या बऱ्याशा हॉटेलच्या खोलीभाड्यापेक्षा कमी पैशांत! मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल उघडून बघा. उत्पन्नाचा साधारण एक तृतीयांश भाग तिकिटातून येत नाही, तो बोटीवर चढल्यानंतर होणाऱ्या खर्चातून येतो. बार, कॅसिनो, सहली वगैरे. म्हणजे वरच्या डेकवर सहावी मार्गारिटा मागवणारा तो लाल झालेला गोरा काका आपल्या तिकिटाचा काही भाग भरत असतो. त्याचे उपकार मानायचे सोडून आपण पंधरा डॉलरवरून कुरकुरतो.

समुद्र आणि दारू यांचा धंद्याशी संबंध आजचा नाही. अमेरिकेत 1920 साली दारूबंदी आली. अमेरिकन झेंड्याच्या बोटींवर दारू देता येईना, आणि प्रवासी ब्रिटिश बोटींकडे वळू लागले. तेव्हा 1922 साली एका अमेरिकन कंपनीने आपल्या 'रिलायन्स' आणि 'रेझोल्यूट' या दोन प्रवासी बोटी पनामाच्या झेंड्याखाली नेल्या (आपल्या अंबानींशी काही संबंध नाही!). कारण एकच, प्रवाशांना पेला देता यावा. आज जगातल्या किती बोटींवर पनामाचा झेंडा असतो ते तुम्ही पाहिलंच असेल. त्या पद्धतीची सुरुवात अशी बारच्या काउंटरवरून झाली. 1933 साली दारूबंदी उठली. झेंडे राहिले.

तर कॉर्केज द्या, बिनतक्रार द्या. माझा राग दोन वेगळ्या गोष्टींवर आहे. एक प्रवाशांची, एक कंपन्यांची.

प्रवाशांची म्हणजे चोरटी आयात. माउथवॉशच्या बाटलीत खाण्याचा रंग घालून व्होडका, शांपूच्या बाटलीत रम. त्यासाठी क्ष-किरणात चटकन लक्षात न येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या विकत मिळतात. आपल्यातलेही लोक हे पराक्रम पार्टीत शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेसारखे रंगवून सांगतात. यात बिघडतं काय? सांगतो.

माझे आई-बाबा पुण्याहून आले होते तेव्हा आम्ही गॅल्व्हेस्टनहून कोझुमेलची सफर केली. बाबांना मधुमेह. बोटीवर पाणी, चहा, कॉफी फुकट, पण बाकी सगळं गोडमिट्ट. म्हणून आईने सावंतवाडीच्या मावशीकडून आणलेलं कोकमाचं आगळ घरच्या एका बाटलीत भरून घेतलं होतं. रोज रात्री जेवणाबरोबर पाण्यात दोन चमचे आणि मीठ, एवढाच बेत. बंदरावर तपासणीत बाटली बाहेर आली. लालभडक पाणी, सील नाही, लेबल नाही. तपासणाऱ्या बाईने वास घेतला, नाक मुरडलं आणि बाटली बाजूच्या पिंपात टाकली. आई काही बोलली नाही, पण बोटीवर चढेपर्यंत तिने दोनदा मागे वळून पाहिलं. त्या बाईचा मला राग आला नाही. रंगवलेल्या दारूच्या बाटल्या तिने शेकड्याने पाहिल्या असणार. पार्टीत टाळ्या घेणाऱ्यांच्या पराक्रमाची किंमत आमच्या आगळाने भरली.

त्या रात्री आमच्या टेबलावरचा वेटर गोव्याचा निघाला, म्हापशाचा. ('बोटीवर' असणं ही गोव्यात किती जुनी परंपरा आहे हे मी सांगायला नको.) आईने त्याला कोकमाची कथा सांगितली. तो आत गेला आणि लिंबू, मीठ, बर्फ आणि थंड पाणी घेऊन आला. "मावशी, सोलकढी नाही देऊ शकत, पण हे रोज आणून देईन," म्हणाला, आणि पाचही रात्री त्याने दिलं. कॉर्केजचा विषय मीच काढला, तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, वाइन तुमची असली तरी ग्लास आम्हालाच पुसायचा असतो." पंधरा डॉलरचं समर्थन मी वर तीन परिच्छेद करतोय, त्याने एका वाक्यात केलं. अशा माणसांची रोजची ठरावीक टिप शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन रद्द करून घेणारे महाभाग आपल्यातही आहेत. त्यांच्याशी मी क्रूझ या विषयावर बोलणं सोडलंय.

आता कंपन्यांवरचा राग. अनलिमिटेड ड्रिंक्सचं पॅकेज. बऱ्याच कंपन्यांचा नियम असा, की केबिनमधल्या एका प्रौढाने ते घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. समजा दिवसाला सत्तर डॉलर आणि वर 18 टक्के, म्हणजे 82.60. एक पेय बारा डॉलर अधिक 18 टक्के धरलं तर 14.16. पैसे वसूल व्हायला माणशी रोज सहा पेयं हवीत. आता नवरा घेतो आणि बायको घेत नाही (किंवा उलट), अशा घरात दोघांचे मिळून रोजचे 165 डॉलर एकट्याने वसूल करायचे तर बारा पेयं लागतील! कारण काय, तर एकाच्या नावावर दुसरा पिईल. म्हणजे काहींच्या संशयापायी न पिणाऱ्यालाही दंड. कॉर्केज ही सेवेची किंमत आहे. हा न केलेल्या गुन्ह्याचा दंड आहे.

आपल्याकडे मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नवरून 2018 साली महाराष्ट्रात असंच रान उठलं होतं. पुढे जानेवारी 2023 मध्ये जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की चित्रपटगृह खाजगी जागा आहे, बाहेरचे पदार्थ अडवायचा मालकाला हक्क आहे. कुणी जिलबी आणून खुर्चीला हात पुसले तर साफ कोण करणार, असंही सरन्यायाधीश चंद्रचूड सुनावणीत म्हणाले. पण पिण्याचं पाणी मोफत हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता येणार नाही, हेही त्यात आहे. मला ही वाटणी पटते. जागा तुमची, भाडं मागा. पण भाडं उघड असू दे, आणि ज्याने जागा वापरली त्याच्याकडूनच घ्या.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. वाइनच्या बाटल्यांची संख्या मोजू नका, हव्या तेवढ्या आणू द्या आणि डायनिंग रूममधल्या प्रत्येक बुचाचे पैसे घ्या. तो आकडा तिकीट घेतानाच, ठळक अक्षरांत दाखवा. पॅकेज माणशी विका, केबिनगणिक नको. आणि आपण प्रवाशांनी शांपूची बाटली शांपूसाठी ठेवावी. लपवून आणणारा प्रवासी आणि लपवून वसूल करणारी कंपनी एकमेकांकडे बोट दाखवत राहतात, आणि मधल्या मधे साध्या माणसाच्या पिशवीतलं कोकम पिंपात जातं.

पुढच्या सफरीला आगळ दुकानातलं, कारखान्याच्या सीलचं घेणार आहोत. डबे-बाटल्या नेऊ देणाऱ्या कंपनीचं तिकीट बघून, अर्थात. आईला त्याची चव आवडणार नाही, हे तिने आत्ताच सांगून ठेवलंय.