दोन दिवस पवनीसाठी

दिवाळीची सुटी जवळ आली, की आमच्या सिहोऱ्यातही प्रवासाचे बेत सुरू होतात. चार दिवसांत आठ गावे. म्हणजे निम्मा वेळ गाडीतच! मला वाटते, दोनच दिवस काढावेत आणि एकच गाव नीट पाहावे.

तुमसर, भंडारा करीत पवनी गाठावी. तीन बाजूंनी मातीचा तट व खंदक, चौथीकडे वैनगंगा, असे हे प्राचीन नगर. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले आणि इसवीसनापूर्वीचा बौद्ध स्तूप उजेडात आला. सकाळी टेकडी, संध्याकाळी घाट. दुसऱ्या दिवशी तटाच्या कडेने पायी फेरी. एवढे पुरे.

मेक्सिको शहरात १९७८ साली वीज कामगारांना खोदताना अ‍ॅझ्टेक देवीची शिळा सापडली. पुढे तेथील मंदिराच्या अवशेषांशेजारीच १९८७ साली संग्रहालय उभे राहिले. लोक जिथे आवर्जून जातात, तिथल्या दगडविटांना राखणदार मिळतो.

आपली मुले अजिंठ्याची माहिती पाठ करतात. पण आपल्याच जिल्ह्यातला स्तूप त्यांनी पाहिला नसेल, तर उद्या तो नाहीसा झाला तरी हळहळणार कोण?