टेबलाखालचं जातं
सोमवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला आणि टेबलाखाली कुणी ज्वारी भरडायला बसल्यासारखी घरघर सुरू झाली. पाच मिनिटांत ती आपोआप थांबली. 'गेला आवाज' म्हणून सोडून देऊ नका, दुखण्याची खूण तीच आहे. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पंख्याच्या बुशमधलं तेल सुकलं की तो थंड असताना घासतो, गरम झाला की तात्पुरता सैल पडतो. (काम वाढल्यावर डासासारखा बारीक सूर लागत असेल, तर ती कॉइलची थरथर. तिने कान किटतात, मशीन सहसा मरत नाही.) मागची जाळी पाहिली, तर धुळीची करडी गोधडीच! बोटाने ओढली तशी अख्खी पट्टी निघाली. प्लग काढून, पातं काडीने अडवून ब्लोअर जरूर मारा. पण तो डबा उघडून शिवणयंत्राचं तेल सोडायला मुळीच जाऊ नका. २३० व्होल्टची वीज आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होऊन कपॅसिटरमध्ये साठते आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथेच दबा धरून असते. पंख्यापायी जिवाशी खेळ कशाला? सरळ नवा एसएमपीएस घ्या, पाच वर्षांची वॉरंटी पाहून. मी घेतला; काल रात्री लिहिताना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक कितीतरी दिवसांनी ऐकू आली.